पुन्हा विचारू नका

घरच्या संगणकाला फायरवॉल निवडताना जळगाव-धुळ्याच्या कुटुंबप्रमुखांनी दाखवलेल्या दक्षतेची नोंद व्हायला हवी. मायक्रोसॉफ्टने २००४ साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकसोबत फायरवॉल चालूच करून दिली, तीही फुकट. पण फुकटचा राखणदार कामाचा कसा असेल? म्हणून आमच्या काकांनी शालकाच्या ओळखीने विकतची आणली.

ती इमानी निघाली. दर दहा मिनिटांनी विचारू लागली : अनोळखी प्रोग्रामला परवानगी द्यायची का? आता दारात आलेल्याला ‘नाही’ म्हणायची खान्देशात रीत नाही. ‘ये ना भो, बस’ म्हणत काकांनी सगळ्यांना आत घेतलं आणि ‘पुन्हा विचारू नका’वर खूण केली. तेव्हापासून फायरवॉल शांत आहे. सुरक्षा म्हणतात ती हीच. शिवाय खंडेनवमीला तिला हळदकुंकू असतं आणि मोडेमला लिंबू-मिरची.

तरीही खरा मान भारनियमनाला द्यावा लागेल. वीज गेली, की ६५,५३५ पोर्टांपैकी एकही उघडं राहत नाही. जगातल्या कुठल्याही कंपनीला हे साधलेलं नाही. मेमधल्या पंचेचाळीस अंशांत तर ही सेवा दुपारीही मिळते. ती चोवीस तास मिळावी, अशी आमची नम्र मागणी आहे.

परवा अशाच अभेद्य अंधारात काकांचा मोबाइल वाजला. ‘बँकेतून बोलतोय.’ काकांनी ओटीपी सांगितला. समोरच्याला नीट ऐकू गेला नसेल म्हणून दोनदा सांगितला.