उणे टक्क्यांच्या तळ्याकाठी

सोलापुरात एप्रिल-मेच्या दिवसांत सायकल चालवायची तर ती घरात, पंख्याखाली आणि नॉर्वेत चालवावी. आमच्या शेजारचे निवृत्त सर तसंच करतात. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, मुलानं जागेवरची सायकल आणून दिली आणि टीव्हीवर यूट्यूब लावून दिलं. त्यात कुणी एक सायकलवाला हँडलला कॅमेरा बांधून तासन्‌तास नॉर्वेतल्या रस्त्यांवरून फिरत असतो. पायडल सर मारतात, रस्ता त्याचा सरतो. डावीकडं तळं, उजवीकडं पाइन-बर्चचं रान, मधून लाल रंगाचं एखादं लाकडी घर. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही, गतिरोधक तर नाहीच. खिडकीबाहेर पारा 43 वर आणि सर आत हलक्या पावसात भिजतायत.

“काल म्योसाला निम्मा वळसा घातला,” असं ते सकाळी दुधाच्या रांगेत सांगतात. म्योसा हे नॉर्वेतलं सगळ्यांत मोठं सरोवर. मी विचारलं, “सर, वारं समोरून होतं की पाठीमागून?” म्हणाले, “टेबलफॅन आहे रे, तो फिरता असतो.” परवा सगळा घाट चढून झाला, उतार सुरू होणार, तेवढ्यात लाईट गेली. चढ पुरता वसूल झाला आणि उतार मिळाला नाही, याचं दुःख सरांना दोन दिवस पुरलं.

सरांमुळं मलाही नॉर्वेची बरीच माहिती झाली आहे. बर्गनची रेल्वे 1909 मध्ये सुरू झाली. ती बांधणाऱ्या मजुरांसाठी आणि सामानासाठी काढलेला डोंगरातला कच्चा रस्ता आज तिकडचा सगळ्यांत लाडका सायकलमार्ग आहे. हाउगास्तोलपासून फ्लोमपर्यंत, साधारण 80 किलोमीटर. त्रोनहाइम ते ऑस्लो अशी 540 किलोमीटरची सायकलवारी 1967 पासून निघते. आणि त्याच त्रोनहाइम गावात 1993 साली एका चढावर सायकलींसाठी लिफ्ट बसवली. फळीवर पाय ठेवायचा आणि तिनं ढकलत वर न्यायचं. हे ऐकून सर थक्क झाले, मी मुळीच झालो नाही. गाळपाचा हंगाम सुरू झाला की आपल्या जिल्ह्यातली शाळकरी पोरं उसाच्या ट्रॉलीला एक हात लावून, दुसऱ्या हातानं त्यातलाच ऊस ओढून खात चढ चढतात. नॉर्वेच्या लिफ्टमध्ये उसाची सोय नाही.

तळं आणि जंगल यांच्या मधून जाणारा रस्ता सोलापुरालाही आहे, असं मी म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. रस्ता आहे. फक्त तळं निसर्गानं केलेलं नाही आणि जंगल उभं राहत नाही, एवढं समजून घेऊन निघावं लागतं.

आधी तळं. आपल्याकडची तळी बर्फानं कोरलेली नाहीत, माणसांनी खणलेली आणि बांधलेली आहेत. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून सिद्धेश्वर तलाव खणला. शहराभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज या अडुसष्ट लिंगांना फिरून येतात, तैलाभिषेक होतो. उंचच उंच काठ्या तोलत चाललेल्या त्या माणसांकडं पाहिलं की सायकलवर तोल सांभाळण्याचं कौतुक सांगायची लाज वाटते. गावाभोवती फिरायचा मार्ग आखून द्यायला सोलापूरला कुठल्या पर्यटन मंडळाची वाट पाहावी लागली नाही, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

सिद्धेश्वर तलावावरून भुईकोट किल्ल्याची भिंत डावी-उजवी घालत विजापूर रोडला लागलं की कंबर तलाव. कागदोपत्री त्याचं नाव धर्मवीर संभाजी तलाव, पण रिक्षावाल्याला कंबर तलावच सांगा. इथं कमळं आणि जलपर्णी यांचं जुनं भांडण आहे; कुठल्या वर्षी कोण वर, ते पुलावर सायकल थांबवूनच कळतं.

खरी सायकल मात्र तुळजापूर रोडला, हिप्परग्याच्या दिशेनं. हिप्परग्याचा तलाव, म्हणजेच एकरुखचा, 1871 चा, इंग्रज अमदानीतला, अदिला नदीवर मातीचा लांबलचक बांध घालून केलेला. उजनी धरणाचं पाणी यायच्या आधी शहराची तहान यानं भागवली. पहाटे इथं पोचलं की पाण्यावर धुकं असतं, काठाला वंचक एका पायावर उभे असतात आणि पाठीमागून मालट्रक असा जातो की सायकल आपणहून फूटभर पुढं सरकते. महामार्ग चौपदरी झाला तसा रस्ता गुळगुळीत झाला, पण सायकलला उरली ती पांढऱ्या पट्टीच्या पलीकडची वीतभर जागा. वर्षातून एकदा मात्र हा रस्ता पायांचा होतो. कोजागरीच्या पौर्णिमेला तुळजाभवानीला चालत जाणारे लोक, कर्नाटकातून, तेलंगणातून आलेले, सोलापूरहून 45 किलोमीटर रातोरात तुडवतात. गाड्या दुसऱ्या वाटेनं वळवतात. त्या 540 किलोमीटरवाल्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या पायात बूट असतात.

आणि या सगळ्या तळ्यांचं थोरलं घर म्हणजे उजनी. भीमेवरचं हे धरण 1980 च्या सुमारास पुरं झालं आणि जिल्ह्याला एक नवी भाषा आली. सोलापूरचा माणूस तळं सुंदर आहे का, असं विचारत नाही. किती टक्के, असं विचारतो. जुलै लागला की पाऊस पडतो पुण्याकडं आणि चेहरे उजळतात इकडं. दौंडला किती क्युसेक, हा प्रश्न भाजीवालीपासून वकिलापर्यंत सगळ्यांच्या तोंडी. उपयुक्त साठा संपला की मृत साठ्यात हात घालावा लागतो आणि आकडा उणेत जातो. 2024 च्या उन्हाळ्यात तो उणे 60 च्या घरात गेला होता. उणे साठ टक्के भरलेलं तळं कसं दिसतं, हे म्योसाकाठच्या माणसाला समजावून सांगून पाहा. पाणी ओसरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं, लोक ते बघायला गाड्या काढून जातात आणि घरी आल्यावर बादल्या मोजतात. हिवाळ्यात त्याच पाण्यात रोहित येतात. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतात. एवढ्या लांबून येणाऱ्या पाहुण्याला उजनी पसंत पडते, त्यामुळं माझं मत मी एकट्याच्या जिवावर मांडत नाहीये.

आता जंगल. बार्शी रोडनं वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज. पाहुण्याला नेलं की तो माळावर उभा राहून चारी दिशांना बघतो आणि विचारतो, “जंगल कुठंय?” आपण म्हणायचं, “पायाखाली.” 1979 साली जाहीर झालेलं हे माळढोक अभयारण्य. इथलं जंगल म्हणजे गवत. झाड नाही म्हणून जमीन पडीक, हा आपला जुना समज. सातबारापासून वनमहोत्सवापर्यंत सगळीकडं तो मुरलेला. त्या समजापोटी या माळावर एके काळी ग्लिरिसिडिया लावला गेला. हिरवं दिसू लागलं, फोटो चांगले आले. पण माळढोकाला लांबवर नजर पोचेल असा उघडा माळ लागतो. झाडांची दाटी त्याला घर वाटत नाही. ज्या पक्ष्याला राष्ट्रीय पक्षी करावं असं सलीम अली म्हणत होते, त्याच्यासाठी आपण झाडं लावून अडचण केली. त्यात अभयारण्याची हद्द सुरुवातीला जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे लोकांची शेतं, गोठे, बाजारपेठा सगळं आत. माणसं पक्ष्यावर रागावली ती उगाच नाही. पुढं हद्द 1200 चौरस किलोमीटरच्या आसपास आणली, पण तोवर पक्षीच संपत आला. आज माळढोकाची एखादी मादी दिसली तरी पेपरात बातमी येते.

काळवीट मात्र आहेत, आणि ते सायकलवरूनच बघावेत. मोटार थांबली की कळप पळतो. सायकलला तो जरा वेळ बघत बसतो, हा प्राणी पळत नाही आणि धड चालतही नाही, मग करतो काय, अशा मुद्रेनं. नंतर एक नर उगाचच उंच उडी मारतो, मागून सगळे. माळावर दोन पावलं उतरलात तर कुसळं मोज्यात शिरतात. कुसळ हा बारकाईनं बघण्यासारखा जिन्नस आहे: टोक सुईसारखं, त्यावर उलट्या दिशेचे केस आणि मागं लांब शेपूट. दंवाची ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि तेवढ्या पिळावर बी गिरमिटासारखं आत जातं. जमिनीत जाण्यासाठी केलेली ही योजना मोज्यातही बिनबोभाट चालते. घरी आल्यावर अर्धा तास मोजे निवडत बसावं लागतं. ज्वारी निवडायची सवय असलेल्या घरात हे काम लवकर होतं.

खाण्याचं म्हणाल तर नॉर्वेची माणसं फिरायला निघताना कडक, कोरड्या भाकरीसारखी पोळी आणि तपकिरी चीज बांधून घेतात. सर हे फार कौतुकानं सांगत होते. मी म्हटलं, “सर, तुमच्या मागच्या फडताळात काय आहे?” फडताळात कडक भाकरीची थप्पी होती आणि बरणीत शेंगाचटणी. दिवसेंदिवस न बिघडणारं, वजनाला हलकं, खिशात मोडलं तरी चवीत फरक नाही. या शहरात लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांच्या भोंग्यावर हजारो सायकली रस्त्यावर यायच्या, हँडलला डबा लटकवून. तेव्हा सायकल चालवायला कुणी टोपी, चष्मा आणि तंग चड्डी लागते असं सांगितलं नव्हतं.

सर अजून तयार होत नाहीत. “तिकडं थंड आहे रे,” म्हणतात. तुम्हाला यायचं असेल तर दिवाळीनंतर आणि संक्रांतीच्या आत या. तेव्हा हुरडाही असतो. साडेपाचला निघा, नऊच्या आत परत फिरा. पाठीमागं लाल दिवा लावा, कारण ट्रॉलीला नसतो. पाणी दोन बाटल्या घ्या, ट्यूबही दोन घ्या. बाभळी इकडं सावली कमी आणि काटे जास्त देतात आणि पंक्चरवाला आठच्या आत दुकान उघडत नाही.