दात सोडून सर्व खर्च

समाजशास्त्रात पीएच.डी. करायला अमेरिकेतली विद्यापीठं आपल्यालाच पैसे देतात, हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही. फी माफ, वर शहर आणि विद्यापीठ पाहून वर्षाला साधारण 25 ते 50 हजार डॉलर, आरोग्यविमा, आणि हे सगळं बहुतेक ठिकाणी निदान पाच वर्षं. बाबांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं आणि विचारलं, "यात अट कुठे लिहिलीय?" बाबा बँकेतून निवृत्त झालेत.

मी इतिहास काढला. सयाजीराव महाराजांनी 1913 साली बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. गो. स. घुर्ये मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले, केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आले आणि 1924 पासून मुंबईतला समाजशास्त्र विभाग सांभाळू लागले.

"बाबासाहेबांनी दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायचा करार लिहून दिला होता," बाबा म्हणाले. "अट होतीच."

अट इथेही निघाली. आठवड्याला वीस तासांपर्यंत पदवीच्या मुलांचे तास घ्यायचे, पेपर तपासायचे. शिवाय त्या विम्यात दात बऱ्याचदा येत नाहीत. आईने एवढ्या सगळ्यातून तेवढंच उचललं. माझा अर्ज अर्धा व्हायच्या आत माझ्या दाढा भरून झाल्या.

"इथे नेट परीक्षा देऊन जेआरएफ शिष्यवृत्ती मिळवली तर महिना 37 हजार," बाबा अजून अधूनमधून म्हणतात. "आणि दातांचा डॉक्टर खालच्या मजल्यावर."

संशोधनाचा विषय मी घरचाच घेतला: पुनर्विकासाला निघालेल्या गृहनिर्माण संस्था आणि त्यांच्या सर्वसाधारण सभा. सी. राइट मिल्स यांनी 1959 साली सांगून ठेवलंय की माणसाची खासगी अडचण आणि समाजाचा सार्वजनिक प्रश्न यांतला धागा समाजशास्त्रज्ञाला दिसला पाहिजे. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत खासगी अडचण पार्किंगची आणि सार्वजनिक प्रश्नही पार्किंगचाच, त्यामुळे धागा शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सेक्रेटरीकाकांनी इतिवृत्ताची वही द्यायला साफ नकार दिला, आणि मग गच्चीवर बोलावून विरोधी गटाची समग्र कुंडली तोंडी सांगितली. शेजारच्या काकूंनी बजावलं, "माझं नाव कुठे घालू नकोस. पण लिफ्टसमोर चपलांचं स्टँड कुणी ठेवलंय, ते घाल."

खरा समाज भेटला तो शिफारसपत्रांत. तीन प्राध्यापकांची तीन पत्रं लागतात. आमच्या सरांनी "हो, हो, अवश्य" म्हटलं आणि दारापर्यंत येऊन पुढे जोडलं, "तूच ड्राफ्ट करून आण." दुसऱ्या मॅडमही तेच म्हणाल्या, फक्त "बेटा" लावून. म्हणजे स्वतःची स्तुती, तीही दोन वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात. आपल्याकडे स्वतःविषयी बोलायचं म्हणजे "थोडंफार वाचन आहे" इथेच गाडी थांबते. सरांच्या आवाजात मी चिकित्सक झाले, मॅडमच्या आवाजात गुणी. त्याच रात्री अर्जात एक चौकोन समोर आला: हे पत्र वाचण्याचा हक्क मी स्वेच्छेने सोडत आहे काय? सोडला. पत्र मला पाठ होतं.

पुढचा रकाना सरांनीच भरायचा होता. ही विद्यार्थिनी आजवर पाहिलेल्यांत वरच्या एक टक्क्यात बसते, पाचात, दहात की पंचवीसात? अमेरिकन प्राध्यापक म्हणे शिफारस करतोय तर वरचाच चौकोन टिचकवतात. आमच्या सरांनी मात्र आयुष्यभर पेपर तपासलेत आणि साठाच्या वर गुण देताना त्यांचा हात थरथरतो. त्यांनी पंचवीसवर खूण केली आणि मला फोन करून सांगितलं, "चांगलं दिलंय हं." वर त्यांचा ईमेल रेडिफचा. विद्यापीठाला हवा कॉलेजचा. कॉलेजचा ईमेल आहे, पण त्याचा पासवर्ड क्लार्ककडे, आणि क्लार्क इलेक्शन ड्यूटीवर.

तिसरं पत्र एका निवृत्त बाईंनी स्वतः लिहिलं, वेळेच्या आधी, आणि मला दाखवलं नाही. त्यात काय असेल या विचाराने माझी झोप उडाली.

बाकीचं पटकन आवरलं. कोरोनानंतर बऱ्याच विभागांनी जीआरई परीक्षा काढून टाकली, ती एक कृपा. इंग्रजी येतं हे सिद्ध करायला मात्र टोफेल. आणि पूर्ण निधी असला, तरी तो प्रवेश मिळाल्यावर. अर्जाची फी दर विद्यापीठाला शंभर डॉलरच्या आगेमागे, आपल्या खिशातून. बाबांनी कार्ड दिलं, ओटीपी सांगितला आणि म्हणाले, "बघ, ही ती अट."

शेकड्यांनी अर्ज येतात आणि एकेका विभागात जागा जेमतेम दहा-पंधरा, हे मी घरी अजून सांगितलेलं नाही.

बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. तेव्हा हा लेख कुणी प्राध्यापक वाचत असतील तर त्यांना हात जोडून विनंती: सर, अंक जरा बाजूला ठेवा, ईमेलचा स्पॅम फोल्डर उघडा. विद्यापीठाची लिंक तिथेच पडलेली असते. आणि तो चौकोन, सर, वरचा.