नॉर्वेजियन जोडशब्द कसा फोडावा: नवशिक्यांसाठी

प्रथम बसून घ्या. जोडशब्द उभ्याने फोडू नये.

सुरुवात 'बार्नेहागे'ने करू. 'बार्न' म्हणजे मूल, 'हागे' म्हणजे बाग, मिळून बालवाडी. हसून झालं? ऑस्लोकडे र आणि न शेजारी आले की त्यांचा ण होतो, म्हणून मूल तिथे 'बाण' असतं आणि बालवाडी 'बाणेहागे'. हा ण तुम्हाला घरूनच मिळालाय. फुशारकी मारायची जागा एवढीच आहे, नीट मारून घ्या.

आता आघात. मराठी माणूस पंगतीत वाढावं तसं सगळ्या अक्षरांना सारखंच वाढतो. इथे मुख्य आघात 'बा'वर, त्याच्या खालोखाल 'हा'वर; 'णे' आणि 'गे' यांनी गप्प बसायचं. मात्र 'पहिल्या अक्षरावर ठोका' असा नियम पाठ करू नका. पहिल्या शब्दाचा स्वतःचा आघात जिथे, तिथेच जोडशब्दाचा. 'उनिवर्सितेत'चा तो 'ते'वर असतो, म्हणून 'उनिवर्सितेत्सबी' या विद्यापीठाच्या गावातही 'ते'लाच दणका.

मध्ये श्वास घेऊ नये. 'लाम्मेलोर' म्हणजे कोकराची तंगडी. तोडलंत की 'लाम्मे लोर', लुळ्या मांड्या. 'रॉइकफ्रित्त' ही पाटी एका दमात वाचली तर धूम्रपानाला बंदी, तोडून वाचली तर खुशाल ओढा. अशा तोडलेल्या पाट्या नॉर्वेत खरोखर लागतात आणि तिथले शुद्धलेखनवाले त्यांच्यावर आपल्या शुद्धलेखनवाल्यांइतकेच चिडतात.

सांधा शोधताना लिपीवर विसंबू नका, ती फितूर आहे. 'बीलदेलर' (गाडीचे सुटे भाग) आणि 'बिल्देरामे' (चित्राची चौकट) यांची पहिली पाच रोमन अक्षरं तीच. सांधा एकात तिसऱ्यानंतर, दुसऱ्यात पाचव्यानंतर, आणि त्यानुसार 'बी' दीर्घ की ऱ्हस्व ते ठरतं. 'नात्त' म्हणजे रात्र, 'तोग' म्हणजे आगगाडी. जोडताना तीन त होतात, म्हणून एक गाळून 'नात्तोग' लिहितात. शब्द ओळीच्या टोकाला मोडावा लागला की गाळलेला त निमूट परत येतो: नात्त-तोग.

हे सगळं घोटून झालं की त्याच नात्तोगने ऑस्लोहून बर्गनला जा. तिथे र घशातून काढतात, त्यामुळे ण होतच नाही आणि बालवाडी 'बार्नेहागे'च राहते. ऑस्लोकर पुष्कळदा जिथे सूर खाली ठेवतात तिथे बर्गनकर तो वर नेतात. बर्गनसाठी वेगळी पुस्तिका घ्यावी लागेल.