मीटरराव

मीटरराव ओळखायला सोपे. पोर दुसरीत गेलं की यांच्या हातात पट्टी येते आणि मग घरातल्या एकाही वस्तूला सुटका नाही. "उशी केवढी?" म्हटल्यावर पोरानं हात पसरून "एवढी!" असं दाखवलं की मीटररावांच्या कपाळाला आठी. "एवढी म्हणजे किती? सेंटीमीटरमध्ये सांग." वितीनं टीपॉय मोजणं त्यांना अडाणीपणाचं वाटतं. आजी चिमूटभर हिंग म्हणाली तर चिमूट म्हणजे किती ग्रॅम, हे ते खुद्द आजीला विचारतात. आजी उत्तर देत नाही, नुसती बघते.

आता हेच मीटरराव स्वतः किती मापांत नांदतात ते पाहा. उंची पाच फूट सात इंच, वजन मात्र किलोत. फ्लॅट साडेसहाशे स्क्वेअर फुटांचा, गावाकडे वाटणीला आलेली जमीन अकरा गुंठे, तिथल्या बांधकामाची वाळू ब्रासनं, केळी डझनानं, टीव्ही इंचात. एसी दीड टनाचा. हा टन वजनाचा नसून उष्णता ओढून घेण्याच्या वेगाचा असतो, पण ते त्यांना विचारू नये. सोनं तोळ्यावर, आणि तोही जुना ११.६६ ग्रॅमचा नव्हे, सराफाच्या तोंडचा १० ग्रॅमचा. मे महिन्यात बाहेर चाळीस आणि आजारी पोराच्या अंगात शंभर! एक आकडा सेल्सिअसचा आणि दुसरा फॅरनहाइटचा, हे कुणी सांगितलेलंच नसतं. आपण उन्हाच्या अडीचपट तापलोय असं त्या पोराला वाटलं, तर दोष पोराचा नाही.

माझं म्हणणं एवढंच की मोजायला शिकणं म्हणजे आधी 'कशात?' हे विचारायला शिकणं, आणि मीटररावांची पट्टी नेमका तोच प्रश्न गिळते. पोराच्या वितीनं टीपॉय सात विती भरतो, बाबांच्या वितीनं पाच. टीपॉय तोच, मग खरं कोण? दोघंही खरे, हे कळायला पोराला थोडं भांडावं लागतं. त्या भांडणातूनच दोघांना चालेल अशा एका मापाची गरज त्याला पटते. शाळेत वीत, पाऊल, काडी आधी आणि सेंटीमीटर नंतर येतो तो यासाठीच. मीटरराव भांडण होऊच देत नाहीत, थेट निकाल वाचून दाखवतात.

यावर ते म्हणतील, मग काय पुन्हा शेर-पायली आणायची? मुळीच नाही. आठ मापटी म्हणजे एक पायली हा हिशेब कानाला गोड लागतो खरा, पण शेर मुलखागणिक बदलायचा आणि त्या फरकात गिऱ्हाईक भरडलं जायचं. म्हणून तर १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला आणि १९५८पासून बाजारात किलो-ग्रॅम येऊ लागले. जुन्या मापांसाठी गहिवरणारे लोक मला मीटररावांइतकेच विनोदी वाटतात. पण देशाला ज्या वाटेनं किलोपर्यंत यावं लागलं, ती वाट पोरानं टीपॉयभर तरी चालावी की नाही?

मीटररावांचा हुकमी पत्ता म्हणजे नासाचं यान. १९९९ साली मंगळाजवळ ते गमावलं, कारण एका गटाचे आकडे पौंडाच्या हिशेबात होते आणि दुसरा गट ते न्यूटनचे समजून चालला. "बघा, दोन मापांचा घोळ!" घोळ खरा, पण तो दोन मापं असल्यानं झाला नाही. आकडा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला आणि 'कशात?' हे वेळेत कुणी विचारलं नाही, म्हणून झाला. एकाच मापात वाढलेल्या पोराला तर हा प्रश्न सुचण्याचंही कारण नाही. राहता राहिली परीक्षा. तिथे सेंटीमीटरच लिहायचा आहे, हे मान्य. वितीत घोळलेलं पोर तो विसरतं असं मात्र नाही.

तेव्हा मीटरराव, पट्टी द्याच, फक्त आठवडाभर उशिरा द्या. टीपॉय कुठे जात नाही.