कॅरियर नसलेली सायकल

नाताळच्या सुट्टीत शहरी मंडळींना उघड्या पाण्यात पोहण्याची आणि मोकळ्या रस्त्यावर सायकल हाणण्याची हुक्की येते. हंगाम अचूक निवडला आहे, हे मान्य. एप्रिलपर्यंत थांबले तर अक्कलकोट तालुक्यात पोहण्याजोगे पाणी शोधावे लागेल. पण याच दिवसांत दुधनीच्या बाजारात तुरीची आवक सुरू होते आणि हँडलला दुधाच्या किटल्या लटकवून सायकल मारणाऱ्याला कोणी खेळाडू म्हणत नाही. ‘आयर्नमॅन’ स्पर्धेत ३.८ किलोमीटर पोहून १८० किलोमीटर सायकल चालवतात, वर ४२.२ किलोमीटर धावतात. नियमावलीत कडब्याच्या पेंढीला रकाना नाही. कॅरियरवर ओझे असले की पोटापाण्याचा उद्योग, कॅरियरच काढून टाकले की क्रीडा!

कोणी म्हणेल, हौसेला हसता कशाला? हौसेला नाही, तिच्या बिलाला. कंबरेला भगवा फुगा बांधून पोहणे शहाणपणाचेच. विहिरीत नवशिकी पोरे पाठीला रिकामा डबा बांधतात, तोही तरंगतोच. शिवाय थंडीचे कौतुक सांगायचे, तर जवळच गाणगापूरला भीमा-अमरजा संगमात दत्तजयंतीला आजीबाई नऊवारीसकट बुडी मारतात. त्यांना रबरी पोशाख विकायला अजून कोणी धजावलेले नाही.