खानदानी चिंचोके

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या एखाद्या बड्या घराण्याला पत्ते कुटायची हौस आली की ते आधी चीनला ऑर्डर धाडत असे. पत्त्यांची नव्हे, पैजेत मांडायच्या टिकल्यांची. मोत्याच्या शिंपल्याच्या पातळ, चकचकीत टिकल्या. गोल, लांबट, काही तर चक्क माशाच्या आकाराच्या. आणि प्रत्येकीवर घराण्याचं कुलचिन्ह कोरलेलं. त्याचं चित्र ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून कँटनला जायचं. तिथला कारागीर जन्मात सिंह न पाहताही सिंह कोरायचा. (इंग्लंडच्या रानात तरी तो कुठे होता म्हणा!) माल हातात पडेपर्यंत वर्ष-दोन वर्षं सहज जात. तोवर साहेब कशावर खेळत असेल, देव जाणे.

जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली लिडिया मावशीकडून परत येताना किती मासे हरले, किती जिंकले याचीच बडबड करते. आपल्याला वाटावं, पोरगी आठवडी बाजाराला गेली होती.

वऱ्हाडातल्या आमच्या गावी, सोनाळ्याला, काकूला मी या टिकल्यांचे फोटो मोबाइलवर दाखवले. ती तूर पाखडत होती. सूप खाली ठेवून तिनं नीट पाहिलं आणि म्हणाली, “काहून बाप्पा, इंग्रजायच्या मुलखात चिचोके भेटत नव्हते काय?”

प्रश्न शास्त्रशुद्ध आहे. त्या थंडीत चिंच होतच नाही. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी चिंचोक्यांचा तोटा नाही, त्यामुळे लग्नघरी रात्रभर चालणाऱ्या तीन पत्तीचं सारं अर्थकारण त्यांच्यावर उभं असतं. एक तोटा आहे. चिंचोक्यावर कुळाची खूण नसते, म्हणून पहाटे हिशेब करताना वाटलेल्यापेक्षा जास्त चिंचोके जमा होतात. मामा लोकांच्या खिशाची झडती घ्यायची आमच्यात पद्धत नाही.

तरी चीनशी वऱ्हाडचा काहीच संबंध नव्हता असं कोणी म्हणू नये. १८२५-२६ साली विकाजी-पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मुंबईला नेला, तो ५०० बैलांच्या पाठीवर लादून. मुंबईच्या कापसाचं तेव्हाचं बडं गिऱ्हाईक म्हणजे चीन. म्हणजे जहाज जाताना आमची पऱ्हाटी नेणार आणि येताना साहेबाचे मासे आणणार! बैलांना यातलं काय मिळालं, हे कुठल्या टिकलीवर कोरलेलं नाही.

याच कापसाच्या, आणि जोडीला अफूच्या, व्यापारात मुंबईच्या जमशेटजी जीजीभाईंनी चीनच्या पाच सफरी केल्या. पुढे १८५७ साली त्यांना इंग्रजांचा बॅरोनेट हा किताब मिळाला, तेव्हा त्यांनाही रीतसर कुलचिन्ह मिळालं. इंग्रजांनी वाघ-सिंहांची गर्दी केली होती. या चिन्हात मधमाश्या आल्या. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. मधमाशी निदान काम तरी करते.

वस्तूवर नाव घालायची हौस आम्हालाही काही कमी नाही. आमच्या घरातल्या प्रत्येक स्टीलच्या गंजावर ठिपक्याठिपक्यांनी कोणाचं तरी नाव आहे, 'यांच्याकडून सप्रेम भेट' आहे, तारीख आहे. पण ते भांड्यावर. जुगाराच्या सामानावर आपलं घराणं कोरून ठेवायचं धाडस सोनाळ्यात कोणी करणार नाही. एक्का-बादशाहचा डाव रंगात यावा आणि धाड पडावी, की मंडळी तुरीत. दिवाळीत तूर चांगली डोक्याएवढी झालेली असते. शेतकऱ्याच्या पिकाचे असे अनेक उपयोग आहेत. मागे उरतात ५२ तासपत्ते, थोडी नगदी आणि अनोळखी चपला.

आता तिथे एखादा लॉर्ड खेळायला बसलाय असं समजा. तोही पळाला, धोतर सावरण्याचा प्रश्न नसल्यामुळे जरा जास्तच जोरात. इकडे पंचनामा सुरू: शिंपल्याचे मासे, नग अमुक, प्रत्येकावर ढाल, सिंह आणि घराण्याचं ब्रीद.

“पळून गेलेला इसम कोण?” जमादार विचारतात.

पंच मासा उजेडात धरतो. “नाव-गाव सारं लिवून हाय साहेब. पर लॅटिनमंदी हाय.”

“मंग लिहा,” जमादार म्हणतात, “एक अनोळखी सिंह, फरार.”