आपोआपचे मुकादम

काही माणसं स्वतः काम करतात, काही दुसऱ्यांकडून करून घेतात. दुबलगुंडीचे अण्णा या दोन्हींत बसत नाहीत. जे काम आपोआप होतं, त्यावर ते देखरेख करतात.

विहिरीवरच्या मोटारीला ऑटो-स्टार्टर आहे. रात्री थ्री फेज आली की मोटार आपली आपण सुरू व्हावी, शेतकऱ्याची झोप मोडू नये, एवढ्यासाठीच तो शोध लागला. अण्णा रात्री दोनला बॅटरी घेऊन उसात जातात आणि मोटार आपोआप सुरू होते का ते बघतात. झाली की ‘हां’ म्हणतात आणि परत येऊन झोपतात. घरात धुण्याचं मशीन आलं, तेव्हा त्यांनी त्याच्यासमोर खुर्ची टाकली. मशीन पाणी सोडू लागलं की काकूंना हाक, “सोडलालंय बग!” काकूंच्या मते हातानं धुणं परवडलं, निदान त्याची वर्दी ऐकावी लागत नव्हती.

असल्या माणसानं ऑटोमॅटिक गाडी घेऊ नये. अण्णांनी घेतली. तीही साधी नव्हे. मर्सिडीजची 300 ई, 1984च्या अखेरीस निघालेल्या डब्ल्यू 124 या घराण्यातली. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, मिनिटाला 5,700 फेऱ्यांवर पुरी ताकद देणारं. तिच्या काळात ती धावपटूंत मोडायची. हैदराबादेत दोन-तीन मालकांचे हात फिरून ती हुमनाबादमार्गे गावात आली, तेव्हा वाटेत तिला उसाच्या ट्रॅक्टरनं ओव्हरटेक केलं. अण्णा म्हणाले, “जाऊ दे. तेलाचा वास घेतल्याबिगर मी पळवणार नाही.”

अण्णांचं आयुष्य बसडेपोत हेड मेकॅनिक म्हणून गेलेलं. त्यामुळे गिअरबॉक्स त्यांना उघडून दाखवावा लागत नाही. चारच गिअरची ही जुनी पेटी तेलाच्या दाबावर चालते, संगणक तिच्यात नाही. गाडीचा वेग एक दाब तयार करतो, पेडलवरचा पाय दुसरा. दोघांची झटापट होते आणि जो जिंकेल त्याप्रमाणे गिअर पडतो. पाय हलका असेल तर पेटी लवकर वरचा गिअर घेते, पाय दाबून धरला तर इंजिन बरंच चढल्यावर. वरचेवर ही गाडी पहिला गिअर घेतही नाही, दुसऱ्यावरच निघते. या शेवटच्या गोष्टीचा अण्णांना फार राग. “पहिला दिलाय कशाला मग? शोभेला?”

पण त्यांचं खरं दुःख निराळं आहे. या घराण्यातल्या काही गाड्यांत आरपीएमचं मीटर येत नसे. त्या जागी कंपनी भलंमोठं घड्याळ बसवायची. अण्णांच्या वाट्याला तसलीच आली. नवख्यानं चालत्या गाडीत “अण्णा, आरपीएम किती?” असं विचारलं, तर काटा सव्वाअकरा दाखवत असतो.

अण्णा हरले नाहीत. ते हिशेबाला बसले. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर 2.41, तिसऱ्याचं 1.44. वर जाताना भीती कमी. दुसऱ्यात 5,000 फेऱ्यांवर गिअर बदलला तर इंजिन तीन हजारांच्या आत उतरतं, श्वास घेतं. धोका खाली ओढण्यात. तिसऱ्यात 4,000 फेऱ्या चालू असताना लिव्हर ‘दोन’वर ओढली, की चाकं इंजिनला 6,700च्या घरात नेऊन सोडतात. त्याची लाल रेघ 6,200च्या आसपास. पेडल सोडलेलं असलं तरी सुटका नाही, कारण त्या वेळी पेट्रोल नव्हे, रस्ताच इंजिन फिरवत असतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांना तेवढी चपळाई जमत नाही, व्हॉल्व्ह बंद व्हायला उशीर करतात, आणि मग बिल येतं. नव्या गाड्यांतला संगणक असला हुकूम मानत नाही. जुनी पेटी नकार देईलच याची खात्री नाही.

म्हणून अण्णांनी कारखान्याची मर्यादा स्वतःच खाली आणली. “सहा हजार दोनशे तिच्या लग्नाच्या वयातले. आता स्प्रिंगा थकल्या, सीलं कडक झाली. आता पाच हजार. बस्स.” ऐंशीच्या वेगाला तिसऱ्यात साधारण तीन हजार, ‘दोन’वर ओढलं तर पाच हजार. तेव्हा स्पीडोमीटरच्या काचेवर ऐंशीच्या आकड्यावर त्यांनी काकूंच्या नेलपेंटचा लाल ठिपका दिला. काकूंनी ती बाटली शोधायचं सोडून दिलं आहे.

गाडी चालवतानाचे अण्णा बघण्यासारखे असतात. ‘डी’वर टाकून बसायचं, बाकी गाडी बघते, हा ऑटोमॅटिकचा करार. अण्णा डावा हात लिव्हरवरून हलवत नाहीत. प्रत्येक गिअर पडण्याआधी ते तोंडानं जाहीर करतात, “आता तिसरा.” पडला तर मान डोलावतात. उशीर झाला तर पेडल हळूच सैल करून तो पाडायला लावतात आणि म्हणतात, “सांगावं लागलालंय हिला.” कमलापूरच्या अलीकडे उतार लागला की आधीच ‘तीन’. ब्रेक तापवायचे नाहीत, इंजिननं गाडी धरायची. हे अगदी बरोबर आहे आणि अण्णांचं बहुतेक सगळं बरोबरच असतं, हाच त्यांच्याबरोबरच्या प्रवासातला मोठा त्रास. उतरल्यावर इंजिन चालू ठेवून, लिव्हर ‘पी’वर, गरम पेटीच्या तेलाची पट्टी काढतात. लाल तेल बोटांवर घेऊन हुंगतात आणि शेजारच्यालाही हुंगायला देतात. आमच्या गल्लीत जळक्या क्लचप्लेटचा वास कसा असतो हे शाळकरी पोरांनाही सांगता येतं.

दिवाळीला पुण्याचे जावई नवी ऑटोमॅटिक घेऊन आले आणि सासऱ्यांना कलबुर्गीपर्यंत फिरवून आणायची हौस त्यांना आली. अण्णा पुढं बसले. पहिली दहा मिनिटं डावा हात लिव्हर शोधत होता. तिथं दाराचं हँडल लागलं.

“मामा, आरामात बसा,” जावई म्हणाले. “हिला सगळं कळतं. मी चुकीचा गिअर मागितला तर ती देतच नाही.”

“म्हणजे गाडी तुमचं ऐकत नाही,” अण्णा म्हणाले.

जावयांनी विषय बदलला. अण्णांनी नाही. समोर या वेळी आरपीएमचं खरंखुरं मीटर होतं, आयुष्यात पहिल्यांदा मोकळं मिळालेलं. कमलापूरचा उतार आला, गाडीनं आपणहून खालचा गिअर घेतला, काटा चढला, आणि अण्णांनी दोन्ही पाय पायपुसण्यावर रोवले. “सत्तावीसशे... अठ्ठावीसशे... हां, धरलं.” चढाला पुन्हा मोजणी. मागं काकू झोपल्या होत्या. जावयांनी गाणी लावली, अण्णांनी बंद केली. इंजिन ऐकू येईना. कलबुर्गीला उतरले, तेव्हा त्यांच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजली होती. एसी चालूच होता.

“कशी वाटली, मामा?”

अण्णांनी रुमालानं मान पुसली, बॉनेटवर थाप मारली.

“गाडी चांगली हाय, जावईबापू. फकस्त शेजारी बसणाऱ्याला काम लई पडतंय.”